बाटलीतली बांधी

शाळेच्या प्रोजेक्टवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाई एकतर्फी बोलल्या. एकतर्फीच बोलणार आहे. रविवारच्या सकाळी कणकेच्या परातीत वर्तमानपत्राचा लगदा मळलेल्या कुठल्याही बाईला माझी बाजू आपोआप कळेल. ज्यांना कळणार नाही त्यांची मुलं बहुतेक मोठी होऊन नोकरीला लागली असतील.

आमचं गाव तिरोड्याहून फार लांब नाही. शेतात उभं राहिलं की वीजकेंद्राची धुराडी दिसतात. मी गावचं पोस्ट चालवते. नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये आहे आणि धानाच्या हंगामात तो घरी फक्त जेवायला नि झोपायला येतो. मुलगी तिरोड्याच्या शाळेत सहावीला. त्या शाळेत वीजकेंद्राच्या वसाहतीतली मुलं येतात, बाजारपेठेतली येतात, डॉक्टरांची येतात, आणि आमच्यासारख्या खेड्यांवरची बसनं येतात. सगळ्यांना गणवेश एक, पुस्तकं एक, परीक्षेचा पेपर एक. प्रोजेक्ट मात्र ज्याच्या त्याच्या बापाचा.

मी अतिशयोक्ती करत नाही. एका मुलीनं विहिरीचा नमुना आणला होता, त्यात खरा पंप होता आणि पंपाला वॉरंटी होती. एका मुलाचे सारस पक्षी नागपूरहून करवून आणले होते. बटण दाबलं की ते माना खाली घालून धानात चोच मारायचे. त्यातल्या एकाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मॅडमनी विचारलं, आता काय करायचं? मुलगा शांतपणे म्हणाला, "पप्पा ऑफिसातून आले की सांगतो."

पाचवीत असताना माझ्या मुलीनं पर्जन्यमापक केला होता. बाटली कापून, तिचं तोंड उलटं बसवून, बाजूला स्केचपेननं खुणा करून. मी हात लावला नव्हता, कारण तिनं लावू दिला नव्हता. खुणा थोड्या तिरक्या होत्या, पण पाऊस मोजायचा तो मोजायचा. शाळेनं तो एका मोठ्या थर्माकोलच्या हृदयामागं ठेवला. त्या हृदयातून बीटचा रस फिरत होता आणि ते पाहायला रांग लागली होती. आमच्या पर्जन्यमापकाच्या कार्डावर शेरा आला: पालकांचे सहकार्य कमी.

मुलीनं तो शेरा वाचला आणि मला विचारलं, "आई, सहकार्य कमी म्हणजे मी जास्त केलं ना?"

मी म्हटलं, हो. मग तिनं विचारलं, मग मार्क काऊन कमी? पोस्टात लोक मला रोज काहीबाही विचारतात. पार्सल कुठं अडकलं, व्याज कधी जमा होईल, मेलेल्या माणसाच्या नावानं आलेलं पत्र कोणाला द्यायचं. सगळ्याचं उत्तर मी देते. या वेळी मी उठून भात टाकला.

तर सहावीचा प्रोजेक्ट आला तेव्हा तिच्या मनात एकच होतं. शाळेतला पहिला प्रोजेक्ट गोंदियाला जिल्ह्याच्या प्रदर्शनात जातो, तिथं तिला जायचं होतं. आणि स्वतः केलेलं घेऊन जायचं होतं. दोन्ही गोष्टी एकदम. त्यातली एक सोडली असती तर काम सोपं होतं, पण ती माझी मुलगी आहे.

विषय होता पाणी. तिनं ठरवलं, कोणती माती किती पाणी धरते ते पाहायचं. तीन बाटल्या कापल्या, तोंडाला फडकी बांधली. एकीत तलावातली माती, एकीत शेतातली, एकीत रस्त्याकडेचा मुरूम. तिन्हीत सारखं पाणी ओतायचं आणि खाली किती गळतं ते पाहायचं. झालं. मला फार आवडलं. मी म्हटलं, बाई, कर, आणि कोणाला सांगू नको.

तिनं आबाजीला सांगितलं.

आबाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या गावात जमीनदारांच्या काळातला जुना मालगुजारी तलाव आहे आणि त्याचं पाणी कोणाला कधी द्यायचं हे बघण्यात सासऱ्यांची हयात गेली. तलावाचं पाणी सोडायचं जे दार असतं त्याला आमच्याकडं तुडूम म्हणतात. ते उघडण्याआधी अजूनही कोणी ना कोणी आमच्या ओसरीवर येऊन बसतं. असा माणूस अंगणात आला, त्यानं तीन बाटल्यांत माती पाहिली आणि त्याला नातीची दया आली.

"हे काय वं बाई? चिखल भरून नेशीन शाळेत? लोक काय म्हणतीन?"

"आबाजी, हा प्रयोग हाय."

"तलावाची माती घेतली ना? मंग तलावच कर ना वं! पाळ कर, तुडूम कर, बांध्या कर. मी सांगतो तुले."

सांगतो, असं ते म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी मी पोस्टातून आले तेव्हा अंगणात जुन्या गोठ्याचं दार आडवं टाकलेलं होतं आणि त्याच्याभोवती पाच पुरुष उकिडवे बसले होते.

इथं आमच्या भागातल्या पुरुषांबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दिवाळीनंतर धान निघतं, विकलं जातं, गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा होतात, मंडईतली नाटकं बघून होतात, आणि मग जानेवारीत यांच्या हाताला काही उरत नाही. उन्हाळी धान लावायचं असतं, पण ते तलावाच्या पाण्यावर, आणि तलावात पाणी सगळ्यांना पुरेल एवढं नसतं. म्हणून कोणाच्या बांध्यांना पाणी द्यायचं यावर बैठक व्हायची असते. ती बैठक भांडणानं मोडते आणि पुढं ढकलली जाते. त्या वर्षी ती नुकतीच मोडली होती. अशा रिकाम्या, चिडलेल्या पुरुषांच्या मध्ये कोणी आमच्या तलावाचा नमुना ठेवला तर काय होईल, हे सासऱ्यांना कळायला हवं होतं. कळलंही असेल.

पहिले दोन दिवस बरे गेले. दारावर तलावाचा बांध, म्हणजे मातीची पाळ, उभी राहिली. दवाखान्यातून सलाइनची नळी आली. तिची ती फिरवायची चकती म्हणजे तुडूम, ही कल्पना सासऱ्यांची होती, आणि ती चांगली होती हे मी मान्य करते. पाळीखाली बांध्या पाडल्या. बांधी म्हणजे धानाचं शेत, चारी बाजूंनी धुरा, म्हणजे बांध, घातलेलं. गावातले धुरे जसे आहेत तसेच, हुबेहूब. कोणीतरी पऱ्ह्यातून धानाची कोवळी रोपं उपटून आणली आणि बोटाएवढ्या बांध्यांत रोवणी झाली. रोवणी करताना त्यांनी गाणं म्हटलं नाही एवढंच.

तलाव भरायला पाणी पाहिजे म्हणून मुलीची सगळ्यात मोठी बाटली उलटी करून मागच्या बाजूला अडकवली. दुसरी बाटली कापून पाट केला. तिसरीतून प्यायचं पाणी आणलं. तिच्या तिन्ही मात्या पाळीत मिसळून गेल्या. ती म्हणाली, "माही बाटली," तर सासरे म्हणाले, "तुहीच हाय, कोठी पळून नाही चालली." आणि चहा टाकायला सांगितला.

तिसऱ्या दिवशी तुडमाजवळ ज्याचं शेत आहे तो आमचा शेजारी नमुन्यावर वाकला आणि म्हणाला, "ही माही बांधी लहान कायले केली?"

खरं तर कोणी मोजून केली नव्हती. पण शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे, ज्याच्यापर्यंत पाणी पोचेपर्यंत दर वर्षी रडारड होते, तो लगेच म्हणाला, "बराबर हाय. तू दर साली धुरा सरकवतं ना, तो मागं घेतला."

त्यानंतर अंगणात जे झालं त्याला प्रोजेक्ट म्हणता येणार नाही. माप आणलं. तुडमाजवळच्यानं आपल्या शेतातली माती आणली, कारण त्याचं म्हणणं होतं की त्याच्या बांधीत दुसऱ्याची माती चालणार नाही. मग टोकाच्यानंही आपल्या शेतातली आणली. मग उरलेल्यांनी कायले मागं राहायचं? प्रत्येकाच्या बांधीत ज्याची त्याची माती पडली. संध्याकाळी घरी जाताना एकानं आपल्या बांधीवर पोत्याचा तुकडा झाकला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, कोंबड्या येतात. आमच्याकडं कोंबड्या नाहीत.

मी सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, हा पोरीचा प्रोजेक्ट आहे."

ते म्हणाले, "मंग! तिच्याचसाठी तं करून राहिलो."

आणि त्यात खोटं काही नव्हतं. हीच तर पंचाईत होती. ते खरोखर तिच्यासाठीच करत होते. वसाहतीतल्या इंजिनिअरांपुढं नातीची मान खाली जाऊ नये म्हणून सगळं गाव मातीत हात घालून बसलं होतं, आणि नात ओसरीच्या खांबाला टेकून लांबून बघत होती. तिला कोणी काही विचारलं तर ते एवढंच असायचं की साखर कमी का पडली.

मी तिला म्हटलं, तुला नको असेल तर मी आत्ता जाऊन सगळं बंद करते. तिनं आधी अंगणात उलट्या अडकवलेल्या बाटलीकडं पाहिलं. मग म्हणाली, "माहा बाटलीवाला नेला तं मागं ठेवतीन. हा नेला तं गोंदियाले जाता येईन." अकरा वर्षांच्या पोरीला एवढा हिशेब कळावा याची मला लाज वाटली. कोणाची ते सांगता येणार नाही, पण वाटली.

प्रदर्शनाच्या दिवशी नमुना पिकअपनं न्यायचा ठरला. मला वाटलं, सासरे आणि मुलगी जातील, मी मागून बसनं जाईन. पण तुडमाजवळचा म्हणाला, टोकाचा येणार असेल तर मी येतो. टोकाचा म्हणाला, हा जाणार असेल तर मी नमुन्याजवळ मागं बसतो. शेवटी पिकअपमध्ये मागं नमुना आणि त्याच्याभोवती चौघं, पुढं ड्रायव्हर, सासरे आणि मुलगी, आणि मी मागच्या चौघांत फळीवर, डोक्याला पदर बांधून. थंडीत दात वाजत होते. कोणी नमुन्यावरून नजर हटवत नव्हतं.

शाळेत पाटी होती: पालकांना सभागृहात प्रवेश नाही. मुलांचं मुलांना सांगता यावं म्हणून शाळेनं हा नवा नियम केला होता. नियम चांगला होता. त्यामुळं सगळे पालक सभागृहाच्या खिडक्यांना लटकले. वीजकेंद्रातले एक गृहस्थ हेल्मेट घालूनच आले होते. त्यांच्या मुलाचा नमुना म्हणजे अख्खं वीजकेंद्र होतं, आणि त्याच्या धुराड्यातून उदबत्तीचा धूर निघत होता. टेबलाभोवती पिवळी-काळी पट्टी बांधली होती. ते गृहस्थ गजातून हात घालून मुलाला खुणा करत होते आणि मुलगा त्यांच्याकडं बघत नव्हता. आमच्या खिडकीत मी आणि तलावाची सगळी मंडळी होतो. गज एवढे गार होते की हात ठेववत नव्हता, तरी कोणी सोडत नव्हतं.

परीक्षक बाई गोंदियाच्या होत्या. ठेंगण्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणाऱ्या. आमच्या नमुन्याशी आल्या आणि थांबल्या. वाकून रोपांना हात लावला, खरी आहेत म्हणून खूश झाल्या.

"चला के दाखव, बेटा."

मुलीनं चकती फिरवली. पाणी नळीतून पाटात आलं, पाटातून निघालं आणि तुडमाजवळची बांधी सोडून, मधल्या दोन सोडून, सरळ टोकाच्या बांधीत जाऊन पडलं.

झालं असं होतं की पिकअपमध्ये सगळ्यांची नजर चुकवून टोकाच्यानं आपल्या अंगठ्याच्या नखानं पाटाच्या तोंडाशी मातीत एक बारीक चर मारला होता. वर्षानुवर्षं ज्याला पाणी शेवटी मिळालं त्यानं फळीवर का होईना ते पहिलं घेतलं. पण माझ्या खांद्याशी उभा असलेला शेजारी ओरडला, "धुरा फोडला रे! कोणं फोडला धुरा?" टोकाचा म्हणाला, "पाण्याले विचार." मग एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. दुसरा हात गजात अडकलेला होता म्हणून मारामारी पुढं गेली नाही.

परीक्षक बाईंनी मॅडमना विचारलं, "ये कौन लोग हैं?"

"पालक आहेत, मॅडम."

"इतने? किसके पालक?"

मॅडम गोंधळून म्हणाल्या, "तलावाचे."

बाई खिडकीकडं बघत राहिल्या. मग आमच्या मुलीकडं वळल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो सहा वर्षांत कोणी कुठल्याच मुलाला विचारला नव्हता.

"बेटा, या सगळ्यात तू काय केलंस?"

मुलीनं आधी खिडकीत पाहिलं. सासरे गजांमधून मान हलवत होते, सांग, सांग म्हणून. तिनं त्यांच्याकडं बघतच उत्तर दिलं.

"मी चहा देऊन राहिली होती."

सभागृहात कोणीतरी हसलं, पण बाई हसल्या नाहीत. "आणखी?"

"ही बाटली माही हाय. पण ती याच्यासाठी नव्हती." आणि मग तिनं सांगितलं, बाटली कशासाठी होती. तीन मात्या, फडकं, सारखं पाणी. हात हलवून सांगत होती.

"मग उत्तर काय आलं? कोणती माती जास्त धरते?"

"माहीत नाही," मुलगी म्हणाली. "करू नाही दिलं."

माझ्या शेजारचे ओरडायचे थांबले. मला वाटतं तिथं पहिल्यांदा त्यांना आठवलं की इथं एक मुलगी पण आहे.

बाईंना आता तो प्रश्न सापडला होता आणि त्या तो घेऊन पुढं निघाल्या. वीजकेंद्राच्या मुलानं सांगितलं, "मी झोपलो होतो. उठलो तर झालेलं होतं." सारसवाल्याच्या धाकट्या भावानं या वर्षी धरण आणलं होतं, तो म्हणाला, "मी दुकानात गेलो होतो, पण मला पसंत करू दिलं नाही." बीटचं हृदय करणाऱ्या डॉक्टरांची मुलगी म्हणाली, तिनं फेविकॉलचं झाकण उघडलं, आणि मग विचार करून म्हणाली की लावलंही. खिडक्यांमध्ये एकेक चेहरा खाली जात होता. हेल्मेटवाल्या गृहस्थांनी हेल्मेट काढून काखेत घेतलं.

दाराशी शेवटच्या टेबलावर नागझिऱ्याकडच्या एका गावची मुलगी होती. तिचे आईबाप पहाटे जंगलात कामाला जातात. तिनं एका पुठ्ठ्यावर पानं चिकटवली होती, पाणी कोणत्या पानावर थांबतं आणि कोणत्यावरून घसरतं ते दाखवायला. बाईंनी विचारलं, कोणी केलं? म्हणाली, मी. मदत कोणाची? म्हणाली, कोणाचीच नाही. आणि माझ्या बाजूच्या खिडकीतून एक आई हळहळून म्हणाली, "बिचारी." तिच्यामागं आणखी दोघी म्हणाल्या. पोरीनं स्वतःचं स्वतः केलं होतं, म्हणून तिची कीव येत होती. मला इतका संताप आला की मी त्या बाईला म्हटलं, बिचाऱ्या आपण आहोत, गजाला लटकलेल्या. ती माझ्याकडं बघून दुसऱ्या खिडकीत गेली.

मी निकालाची फार आशा धरली होती, हे खरं सांगते. असा प्रश्न विचारणारी बाई काहीतरी करेल असं वाटलं. पण मार्कांचे रकाने शाळेनं आधीच छापले होते: मांडणी, नीटनेटकेपणा, साहित्याचा वापर, कल्पकता. बाईंनी कपाळावर हात मारला, आणि बेरीज केली. पहिला नंबर आमच्या तलावाचा आला. दुसरा वीजकेंद्राचा. पानांच्या पुठ्ठ्याला उत्तेजनार्थही नाही, कारण एक पान सुटून खाली पडलं होतं.

खिडकीत जल्लोष झाला. मघाशी कॉलर धरलेले दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. सासऱ्यांनी फेटा काढून परत बांधला. गावाचा तलाव गोंदियाला जाणार होता.

मुलगी मॅडमजवळ गेली. आम्हाला ऐकू आलं नाही, पण नंतर कळलं. तिनं विचारलं, गोंदियाला मी माझ्या बाटल्या नेऊ का? मॅडम म्हणाल्या, निवड तलावाची झाली आहे, बाळा, तोच न्यावा लागेल. ती म्हणाली, मग मी नाही जात. मॅडमना वाटलं ती घाबरली. त्यांनी समजावलं, आबाजी येतील ना सोबत. ती म्हणाली, म्हणूनच.

त्यामुळं वीजकेंद्र गोंदियाला गेलं. त्या दिवशी शाळेतून परत येताना पिकअपमध्ये ती पुढं न बसता माझ्याजवळ मागं बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. गोंदियाला जायचंच होतं तिला. उगाच मोठेपणा करून सोडलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं आणि गाडीतली बाकीची मंडळी रस्त्याकडं बघत राहिली. सासरे पुढं बसून ड्रायव्हरला कोणी न विचारता सांगत होते की पोरीची तब्येत बरी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोस्ट बंद करून आले तेव्हा ती अंगणात नमुन्याच्या त्या आडव्या दारापाशी बसली होती. हातात जेवायचा चमचा. उलटी बाटली सोडवून घेतली होती आणि माझ्याकडून आणखी दोन मागून घेतल्या. फडकी बांधली. मग तिनं नमुन्यात चमचा घातला. पाळीखालचा गाळ एका बाटलीत. तुडमाजवळची बांधी खरवडून दुसरीत. टोकाची बांधी तिसरीत. रोपं उपटून बाजूला ठेवली, ती मात्र नीट पाण्यात ठेवली.

तेवढ्यात मंडळी आली. त्यांचं ठरलं होतं की नमुना ग्रामपंचायतीत नेऊन ठेवायचा आणि पाण्याची मोडलेली बैठक त्याच्यासमोर घ्यायची. गोंदियाला नाही तर नाही, पण वाया कशाला घालवायचा. अंगणात शिरतानाच तुडमाजवळचा थबकला. नमुन्यात जिथं त्याचं शेत होतं तिथं लाकूड दिसत होतं.

"माही बांधी कोठी गेली वं?"

"बाटलीत," मुलगी म्हणाली.

"आन माही?" टोकाचा म्हणाला.

"त्या बाटलीत. हात नका लावू."

मी तयारच होते. कोणी एक शब्द बोललं असतं तर मी त्या सगळ्यांना त्यांच्या तलावासकट बाहेर काढलं असतं. तिनं चहाच्या कपानं मोजून तिन्ही बाटल्यांत पाणी ओतलं आणि गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली. मंडळी जरा वेळ उभी राहिली. मग एकेक जण उकिडवा बसला. तुडमाजवळच्यानं हात काखेत घातले, कारण नाहीतर ते बाटलीकडं गेले असते. टोकाचा पुटपुटला, "माही धरते. पाहून घेजा." त्याला त्याच्या शेजाऱ्यानं कोपरखळी मारली. पाणी वर दिसत होतं, खाली अजून काही नव्हतं.

सासरे मागून आले. त्यांनी बाटल्या पाहिल्या, माती पाहिली, आणि त्यांना लगेच कळलं काय होणार. त्यांचा चेहरा उजळला. या प्रश्नाचं उत्तर त्यांना साठ वर्षांपासून माहीत होतं. ते पुढं झाले, बोट दाखवलं आणि म्हणाले, "अवं बाई, हे तं..."

"आबाजी," ती मान वर न करता म्हणाली, "सांगू नका. मले पाहू द्या."

सासऱ्यांचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते खाली घेतलं आणि बाकीच्यांत जाऊन बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही सगळे तिथं होतो. पाणी गळायला लागलं तशी ती एकीवरून दुसरीवर वाकून बघत होती. शेवटी ती मागं रेलून बसली आणि स्वतःशीच हसली. कोणती माती जास्त पाणी धरते ते आम्हालाही दिसत होतं, पण सांगायचं तर तिनं.